पिंपात काय होतं?

१

नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर ती मुलगी बसलेली दिसली तेव्हा कँटीनच्या मावशींना वाटलं, तालमीनं दमली असेल. शनिवार होता. साडेसहा वाजले असतील, पण बाहेर अजून चांगला उजेड होता. आत कॉलेजच्या नाटकमंडळींची पार्टी चालू होती आणि गाण्यांच्या दणक्यानं खिडक्यांची तावदानं थरथरत होती. मावशी कचऱ्याची बादली घेऊन तिच्या शेजारून पुढे गेल्या आणि चार पावलांवर थबकल्या.

मुलीच्या एकाच पायात चप्पल होती. उजवं मनगट टम्म सुजलं होतं आणि ते तिनं डाव्या हातात असं धरलं होतं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं असावं.

"काय गं, पडलीस की काय?"

"उडी मारली."

"कुठून?"

तिनं हनुवटीनं वर दाखवलं. मागच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक चौकोनी झडप होती. नेपथ्याच्या लांब फळ्या सामानाच्या खोलीत सरकवायला केलेली. झडप सताड उघडी होती.

"चांगलं दार सोडून झडपेतून?"

"दाराला आतून कडी होती, मावशी," मुलगी म्हणाली. "आणि कडीपाशी तो होता."

या मुलीला सगळे फ्यूज म्हणायचे. ती नाटकाचे दिवे सांभाळायची आणि तिचं डोकं कधी भडकेल याचा नेम नसायचा. मावशींशी तर तिचं रोजचं भांडण. पण त्या संध्याकाळी ती भडकली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "माझा हात कामातून गेला का हो? प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय."

मावशींनी बादली तिथेच ठेवली आणि तिला उठवून थेट दवाखान्यात नेलं.

२

सोमवारी सकाळी अकरा वाजता चौकशी समिती बसली. उपप्राचार्य अध्यक्ष. दुसऱ्या सदस्य मानसशास्त्राच्या मॅडम. तिसरे वसतिगृहाचे रेक्टर, ज्यांचा बराचसा सहभाग मान डोलावण्यापुरता असायचा. आणि कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी, वही-पेन्सिल घेऊन, स्टेनोबाई.

स्टेनोबाई कोर्टातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं त्यांनी लघुलिपीत साक्षी उतरवून घेतल्या होत्या. कोण कसं बोलतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. काय बोलतं, नेमका कुठला शब्द वापरतं, तेवढंच. कॉलेजनं त्यांना चार दिवसांसाठी बोलावलं होतं. "तुम्ही फक्त लिहायचं," उपप्राचार्यांनी आल्या आल्या बजावलं होतं. "तेच करत आलेय," त्या म्हणाल्या होत्या.

आधी तो मुलगा आला. दोन वर्षं नाटकात राजाचं काम करत होता म्हणून कॉलेजभर 'राजे'. उंच, देखणा, आवाज असा की ऐकणाऱ्यानं पाणी आणून द्यावं. फ्यूजनं शनिवारीच हाताला प्लास्टर घालून घेतल्यावर पाच ओळींची तक्रार दिली होती: याने मला सामानाच्या खोलीत कोंडलं, जबरदस्ती केली, मी झडपेतून उडी मारून सुटले. तेवढंच. ती तक्रार त्याच्यासमोर होती.

"दारूनं घात केला, सर," राजे म्हणाला. "दुसऱ्या ग्लासानंतर मला काहीच आठवत नाही. जे झालं असेल त्याची मी माफी मागतो. मी असा मुलगा नाही. कुणालाही विचारा."

"आणखी कुठे घेतली होतीस?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. सकाळपासून तालीमच होती. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. घेतली ती सगळ्यांसोबत, त्या पिंपातलीच. सरबतात मिसळून ठेवलेली."

"रिकाम्या पोटी!" रेक्टर हळहळले. "तरुण वय. सगळ्याचा विचका झाला बघ."

"हो ना सर. पुढच्या महिन्यात स्पर्धा. एका टॉर्चपायी सगळं गेलं."

रेक्टरांनी मान डोलावली. उपप्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. स्टेनोबाईंची पेन्सिल चालत राहिली.

मग फ्यूज आली. तिनं उभ्यानंच सांगितलं.

"तो म्हणाला, मुकुटाचा खडा निखळून खाली पडलाय, टॉर्च घेऊन ये. मी टॉर्च घेऊन आत गेले. त्यानं कडी लावली. मी नाही म्हटलं. ओरडलेही, पण बाहेर गाणी लागलेली. तो म्हणाला, 'अगं, आज सगळे प्यायलेत, कोण कुणाला जाब विचारणार आहे?' मी त्याच्या नडगीवर लाथ मारली आणि फळ्यांवरून चढून झडपेतून बाहेर पडले."

"तूही प्यायली होतीस?" उपप्राचार्यांनी विचारलं.

"दोन ग्लास. आयुष्यात पहिल्यांदा."

"दोन ग्लास! आणि तरी सगळं एवढं नीट आठवतंय तुला?"

"चढलीच नाही मला. घसा जळला, बाकी काही नाही. पार्टीच्या मधेच मी शिडीवर चढून दिवा बदलून आले."

उपप्राचार्य आणि रेक्टर यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं काय होतं, हे लघुलिपीत लिहायची सोय नव्हती. पण मुलगी सवयीची असणार, असा त्याचा अर्थ होता.

मॅडमना वेगळीच शंका आली. "त्या पिंपात दारूशिवाय आणखी काही घातलेलं होतं का? गुंगीचं वगैरे?"

"मला काय माहीत?" फ्यूज म्हणाली. "माझ्याशिवाय प्यायले ते सतराच्या सतरा जण झुलत होते. एक तर खांबाला मिठी मारून रडत होता. मीच तेवढी खुळ्यासारखी शुद्धीवर."

ती गेल्यावर उपप्राचार्यांनी फाइल मिटली. "दोघंही प्यायलेले. दारूच्या भरात मुलाकडून चूक झाली, तो माफीही मागतोय. पंधरा दिवस निलंबन. गुरुवारी सह्या करू."

स्टेनोबाईंनी घरी जाऊन टंकायला बसल्यावर दोन साक्षी शेजारी शेजारी ठेवल्या. आणि एका शब्दापाशी त्यांचा हात थांबला.

टॉर्च.

पाच ओळींच्या तक्रारीत टॉर्च नव्हती. फ्यूजनं टॉर्चचं नाव काढलं ते राजे खोलीबाहेर गेल्यावर. मग ज्याला दुसऱ्या ग्लासानंतर काहीच आठवत नव्हतं, त्याच्या तोंडात ती टॉर्च आली कुठून?

३

मंगळवारी सकाळी त्या नाट्यगृहात गेल्या. फ्यूज तिथेच होती, गळ्यात हात अडकवून, दिव्यांच्या पॅनेलसमोर डाव्या हातानं खटके चालवायचा सराव करत. तिची आई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. गावाहून रात्रीच्या गाडीनं आली होती आणि तिला घेऊनच जायचं ठरवून आली होती.

"मी तिला म्हणतेय, घरी चल. वर्ष गेलं तर गेलं."

"मी का जाऊ?" फ्यूज पॅनेलमागून म्हणाली. "उडी मी मारली, हात माझा मोडला, आणि वर्षही माझंच जाणार? वा!"

आईनं स्टेनोबाईंकडे पाहिलं. "ऐकलंत? अशीच आहे लहानपणापासून." पण तक्रार करता करता तिचा आवाज थोडा सैल झाला होता. मुलगी भडकतेय म्हणजे मुलगी जागेवर आहे.

"मला ती खोली दाखवतेस?" स्टेनोबाईंनी विचारलं.

सामानाची खोली रंगमंचाच्या उजव्या अंगाला होती. फ्यूज आत आली नाही, दारातच थांबली. स्टेनोबाईंनी दार लोटलं आणि कडी लावायला गेल्या. कडी बसेना. दाराची चौकट फुगलेली. एका हातानं दार वर उचलायचं, खांद्यानं दाबायचं आणि दुसऱ्या हातानं कडीचं टोक बारीक भोकात घालायचं, तेव्हा कुठे ती बसे. त्यांना चार खेपा लागल्या. आणि त्यांनी सकाळी चहाच घेतला होता.

"झुलणाऱ्या माणसाला ही कडी लागायची नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"त्यानं एका झटक्यात लावली," फ्यूज बाहेरून म्हणाली.

खोलीत मागच्या बाजूला एक मुलगा झडपेच्या बिजागऱ्या बदलत होता. केसांत भुसा, खिशाला पेन्सिल. हा नेपथ्य करायचा, म्हणून त्याचं नाव रंधा. एवढा वेळ त्यानं मान वर केली नव्हती.

"तूही होतास ना रे पार्टीला?" स्टेनोबाईंनी विचारलं.

"होतो. पण मी पीत नाही. वर्ष झालं सोडून."

"समितीतल्या लोकांना वाटतंय, या मुलीला दोन ग्लासांत चढली असणार आणि ती भलतंच काही सांगतेय."

रंध्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. "तिला चढणं शक्यच नव्हतं!" तो म्हणाला. मग स्क्रू शोधायच्या निमित्तानं फळ्यांमागे वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

स्टेनोबाई दाराबाहेर आल्या. 'चढलीच नाही' असं फ्यूज म्हणाली होती. हा मुलगा म्हणाला होता, 'शक्यच नव्हतं.' दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक होता.

४

दुपारी त्या कँटीनमध्ये चहाला बसल्या. मावशींनी त्यांच्यासमोर कप ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुम्ही समितीतल्या ना? मग माझीही तक्रार लिहून घ्या. ती पोरं मला न विचारता माझ्या मोठ्या फ्रीझरमध्ये बाटल्या ठेवतात."

"कधी?"

"शनिवारी! तो राजे सकाळी ठेवून गेला. गार व्हायला म्हणे. तीन बाटल्या. दुपारी उघडते तर एक तडकलेली. आतला बर्फ नुसता बाहेर आलेला. बाकीच्या दोन दगडासारख्या घट्ट. सगळ्या कप्प्यात काचा! माझा अख्खा रविवार ते साफ करण्यात गेला."

"दारूच्या बाटल्या होत्या?"

"मग काय दुधाच्या? चांगली नावंबिवं छापलेली, ती पाण्यासारखी पांढरी असते ना, ती."

स्टेनोबाईंनी चहा तसाच ठेवला. "आणि मग त्या बाटल्यांचं काय झालं?"

"तो भुशाचा पोरगा धावत आला. चेहरा पांढराफटक. मावशी, मावशी, कुणाला सांगू नका, म्हणत दोन्ही बाटल्या नळाखाली धरून अर्धा तास उभा. एवढी गार हवी होती ना, मग वितळवता कशाला? वर मूठभर आलं घेऊन गेला माझ्याकडून."

"मावशी, एक विचारू? दारूचा तुम्हाला राग आहे, असं ऐकलंय. त्या बाटल्यांना तुम्ही काही केलं नाहीत ना?"

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी ओतली असती तर सगळ्यांसमोर ओतली असती आणि रिकाम्या बाटल्या तुमच्या त्या उपप्राचार्यांच्या टेबलावर नेऊन आपटल्या असत्या. लपूनछपून करणारी बाई वाटले मी तुम्हाला?"

नव्हत्याच वाटल्या.

संध्याकाळी जेवताना स्टेनोबाई आपल्या दिराला म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ती बाटली असते ना फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीमागे..."

जाऊबाईंनी एकदम मान वर केली. "कुठली बाटली?"

"वहिनी!" भाऊजी कासावीस झाले.

"नंतर भांडा. मला एवढंच सांगा, तिचा कधी बर्फ होतो का?"

"छे हो. वर्षभर आहे तिथे. दाटसर होते, पण बर्फ नाही. बर्फ झाला तर समजायचं, दुकानदारानं पाणी विकलं."

"वर्षभर?" जाऊबाई म्हणाल्या.

स्टेनोबाई हात धुवायला उठल्या. आता पिंपात काय होतं ते त्यांना कळलं होतं. काय नव्हतं, तेही.

५

बुधवारी सकाळी रंधा रंगमंचावर एकटाच सिंहासनाच्या पायऱ्या ठोकत होता. स्टेनोबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. वही त्यांनी पिशवीतून काढली नाही.

"पाणी होतं ना रे?"

हातोडी खाली आली नाही. त्यानं ती बाजूला ठेवली.

"तिन्ही बाटल्या मी मोरीत ओतल्या," तो म्हणाला. "पाणी भरलं. पिंपात संत्री, भरपूर लिंबू आणि घसा जळावा म्हणून आल्याचा रस. राजे बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवेल असं डोक्यातच आलं नाही. बाटल्या विकत आणायचं काम मीच मागून घेतलं होतं."

"का?"

तो पायरीवर बसला.

"गेल्या वर्षी अशाच पार्टीत मी प्यायलो होतो. खरी. शेवटच्या वर्षाची एक मुलगी घरी निघाली होती. मी तिचा हात धरला. सोड म्हणाली. मी हसलो. तिला ओढत जिन्याखाली नेलं. वरून कुणाची तरी पावलं वाजली, म्हणून ती सुटली. तो माणूस आला नसता तर मी थांबलो असतो का, मला माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, सॉरी, दारूनं केलं. ती काहीच बोलली नाही. परीक्षा देऊन निघून गेली."

"आणि तू सोडलीस."

"त्या दिवसापासून थेंब नाही. मला वाटायचं, सगळा दोष तिचाच. दारूचा. ती काढून घेतली की कुणाच्या हातून काही होणार नाही. म्हणून पाणी भरलं. वाटलं, या वेळी सगळ्या मुली नीट घरी जातील." त्यानं सामानाच्या खोलीकडे पाहिलं. "आणि तरीही झालं. वर्षभर मी बाटलीला शिव्या घालत होतो. बाटलीत तर पाणी होतं!"

स्टेनोबाई काही बोलल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. खरं वाक्य बहुतेक वेळा थांबल्यानंतर येतं.

"शनिवारीच सांगायला हवं होतं," रंधा म्हणाला. "पोरं मारतील म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मी सांगितलं, तर राजेची सबब जाते. आणि राजेची गेली की माझीही जाते."

"उद्या अकरा वाजता समिती सह्या करणार आहे. 'दारूच्या भरात' असं लिहून."

त्यानं मान हलवली. येतो की नाही, ते त्या मान हलवण्यातून काही कळलं नाही.

६

गुरुवारी अकरा वाजता उपप्राचार्यांनी पेन उघडलं. राजे आणि फ्यूज, दोघांनाही निर्णय ऐकायला बोलावलं होतं. फ्यूजची आई तिच्या शेजारी बसली होती. रंध्याचा पत्ता नव्हता.

"सर, सह्यांआधी साक्षी वाचून दाखवायच्या असतात," स्टेनोबाई म्हणाल्या. "पद्धत आहे."

"वाचा. थोडक्यात."

"थोडक्यातच वाचते." त्या उभ्या राहिल्या. "राजे: 'दुसऱ्या ग्लासानंतर मला काहीच आठवत नाही.' राजे: 'घेतली ती सगळ्यांसोबत, त्या पिंपातलीच.' राजे: 'एका टॉर्चपायी सगळं गेलं.'" त्यांनी पान उलटलं. "फ्यूज, राजे बाहेर गेल्यानंतर: 'टॉर्च घेऊन ये.' टॉर्चचा उल्लेख याआधी कुठेही नाही. तक्रारीतही नाही."

मॅडमनी तक्रारीचा कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला. राजे खुर्चीत ताठ झाला.

"मावशींची तक्रार, काल लेखी घेतली," स्टेनोबाई पुढे वाचत गेल्या. "'एक बाटली तडकलेली. बाकीच्या दोन दगडासारख्या घट्ट.' तुमच्यापैकी कुणी दारूचा घरच्या फ्रीझरमध्ये बर्फ झालेला पाहिलाय?"

रेक्टरांनी अभावितपणे नाही म्हणून मान हलवली आणि मग उपप्राचार्यांकडे पाहून ती थांबवली.

"तुम्हाला म्हणायचंय तरी काय?" उपप्राचार्य म्हणाले.

"मला काहीच म्हणायचं नाही, सर. मी फक्त लिहिते. पण दाराबाहेर कुणीतरी खोकलं. त्याला काही म्हणायचं असेल."

दार उघडलं. रंधा होता. त्यानं केसांतला भुसाही झटकला नव्हता. उभ्या उभ्या तीन वाक्यांत त्यानं सांगून टाकलं: बाटल्यांत पाणी होतं, ते मी भरलं, पिंपात दारूचा थेंब नव्हता.

फ्यूजनं आईचा हात घट्ट धरला. "म्हणजे मला चढलीच नव्हती," ती म्हणाली. "मी बरोबर होते."

"पण मला चढली होती!" राजे ओरडला. तो ढोंग करत नव्हता, हे सगळ्यांना जाणवलं. "खरंच चढली होती मॅडम! डोकं हलकं झालं होतं..."

"पाण्यानं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुला चढायला हवी होती, म्हणून चढली. सतरा जणांना चढली. पण त्यातल्या सोळा जणांनी गाणी म्हटली, नाहीतर खांबाला मिठी मारली." त्या उपप्राचार्यांकडे वळल्या. "दारूनं माणसाचा लगाम सुटतो, हे खरं आहे, सर. पिणं वाढलं की असे प्रकार वाढतात, हे मी वर्गात शिकवते. पण काही जणांना दारू हवी असते ती लगाम सुटला, असं नंतर म्हणता यावं म्हणून. याच्या ग्लासात तर तेवढंही नव्हतं."

मग स्टेनोबाईंनी एक अशी गोष्ट केली, जी एकतीस वर्षांत त्यांनी केली नव्हती. त्यांनी साक्षीदाराला प्रश्न विचारला.

"बाळा, टॉर्च कशी आठवली तुला?"

राजे टेबलाकडे बघत राहिला. त्याचा तो सुंदर आवाज आता अगदी साधा निघाला.

"आठवतं," तो म्हणाला.

"काय आठवतं?"

"सगळं. ती नाही म्हणत होती. तेही."

स्टेनोबाई खाली बसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

उपप्राचार्यांचं पेन तसंच उघडं होतं. ते म्हणाले, "ते 'दारूच्या भरात' काढून टाका."

"काढता येत नाही, सर. रेघ मारते मी. शेजारी तुमची सही लागेल."

त्यांनी सही केली. मग मान वर करून फ्यूजला म्हणाले, "सोमवारी मी तुझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मला माफ कर."

सगळे उठायला लागले, पण रंधा जागचा हलला नाही.

"बाई," तो म्हणाला, "माझंही लिहून घ्या. गेल्या वर्षीचं."

७

राजेचं नाव कॉलेजमधून काढलं गेलं. पोलिसांत जायचं की नाही, ते फ्यूजवर सोडलं होतं. ती आईला घेऊन गेली आणि जबाब देऊन आली. तो खटला अजून चालू आहे. राजेनं तिथे आपला शब्द बदललेला नाही, एवढं निदान सांगता येतं.

रंध्यालाही सहा महिने बाहेर राहावं लागलं. त्याचा जबाब मॅडमनी गेल्या वर्षीच्या त्या मुलीला पाठवला, तिची परवानगी आधी विचारून. ती आता दुसऱ्या शहरात नकाशे काढायच्या कामावर होती. उत्तर यायला बरेच दिवस लागले. तिनं लिहिलं होतं: 'मी त्याला माफ केलेलं नाही आणि करीन असं वचनही देत नाही. पण वर्षभर मला वाटत होतं, मीच फार मनाला लावून घेतलं. तसं नव्हतं, हे कागदावर आलं. त्याला सांगा, जे तुम्हाला सांगितलं ते नव्या मुलांना सांग. माझं नाव न घेता. स्वतःचं घेऊन.'

प्रयोग ठरल्या दिवशी झाला. नवा राजा दोनदा वाक्यं विसरला. दिवे मात्र एकदाही चुकले नाहीत. पडदा पडल्यावर दुसऱ्या शहरातून आलेली एक अनोळखी तरुणी दिव्यांच्या पॅनेलपाशी आली. तिनं आपण कोण ते हळूच सांगितलं. फ्यूजनं प्लास्टरच्या हातानंच शेजारची खुर्ची ओढून दिली. त्या दोघी रिकाम्या नाट्यगृहात बराच वेळ बोलत बसल्या. फ्यूजची आई लांबून त्यांच्याकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गावी परतली.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना मॅडमनी नाट्यगृहात बसवलं आणि रंध्याला उभं केलं. त्यानं भाषण केलं नाही. घडलं ते सांगितलं, जिन्याखालचंही आणि पाण्याचंही. सतरा जणांचं ऐकून सभागृह हसलं. जिन्याखालचं ऐकताना कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "मग तू आता पितोस का?" रंधा म्हणाला, "नाही. पण न पिण्याचं श्रेय घेणं मी सोडलंय. ते फार सोपं होतं."

समितीचं काम आता कायमचं झालं होतं. चार दिवसांसाठी आलेल्या स्टेनोबाईंना कॉलेजनं ठेवून घेतलं आणि एक लहानशी खोली दिली. रंधा बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीच्या दारात पहिल्या वर्षाचा एक मुलगा घुटमळताना दिसला. आत यावं की पळून जावं, ते त्याचं ठरत नव्हतं.

"कुणी बोलावलंय का तुला?" स्टेनोबाईंनी विचारलं.

"नाही." तो म्हणाला. "शाळेत असताना, एका पार्टीत... म्हणजे माझ्याकडून... कुणी तक्रार केलेली नाही, बाई. कुणालाच माहीत नाही. तरी आलं तर चालतं का?"

"चालतं," त्या म्हणाल्या. "ये, बस. सावकाश सांग. आणि आधी तिच्याबद्दल सांग, मग तुझ्याबद्दल."